पाकिटाबाहेरची सिगारेट

२४ सप्टेंबर २०२० रोजी महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने एक आदेश काढला : सिगारेट आणि बिडी सुट्टी विकायची नाही. घ्यायची तर अख्खे पाकीट, अख्खे बंडल. कोरोनाची पहिली लाट तेव्हा भरात होती आणि राज्याचे सगळे लक्ष रुग्णालयांतल्या खाटांकडे लागले होते. दोन दिवस बातम्या आल्या आणि विषय मागे पडला. आज पुण्यात, नागपुरात, रत्नागिरीत कुठल्याही पानटपरीपाशी उभे राहा. गिऱ्हाईक एक बोट वर करते, टपरीवाला उघड्या पाकिटातून एक सिगारेट काढून देतो, बाजूला दोरीला बांधलेला लायटर लटकत असतोच. असा काही आदेश निघाला होता, हे दोघांपैकी एकाच्याही गावी नसते.

तंबाखूबद्दल निघालेल्या सरकारी आदेशांपैकी हा मला सर्वांत नेमका वाटतो, म्हणूनच त्याची उपेक्षा अधिक बोचते. तंबाखूविरुद्धचा आपला जवळपास सगळा कायदा पाकिटावर छापलेला आहे. सिगारेट पाकिटातून बाहेर पडली की तो कायदा टपरीच्या फळीवर मागेच राहतो.

२००३ साली संसदेने सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादनांचा कायदा केला. आद्याक्षरांवरून त्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान नाही, जाहिरात नाही, १८ वर्षांखालच्यांना विक्री नाही, शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत विक्री नाही, ही त्याची लोकांना ठाऊक असलेली कलमे. खरा जोर मात्र सातव्या कलमात आहे. ठरवून दिलेला इशारा वेष्टनावर असल्याशिवाय हा माल तयार करायचा नाही, आयात करायचा नाही, विकायचा नाही. ३१ मे २००९ पासून हा इशारा चित्ररूप झाला आणि १ एप्रिल २०१६ पासून त्याने पाकिटाची ८५ टक्के जागा व्यापली : ६० टक्के चित्र, २५ टक्के मजकूर, पुढच्या बाजूला आणि मागच्याही.

या ८५ टक्क्यांसाठीची ओढाताण महाराष्ट्राने फार जवळून पाहिली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी माजी गृहमंत्री आर. आर. ऊर्फ आबा पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले. आबांची तंबाखूची सवय सगळ्या राज्याला माहीत होती. मोठी चित्रे तेव्हा १ एप्रिल २०१५ पासून यायची होती. आबा जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच संसदेच्या एका समितीने ती थांबवायला सांगितले आणि सरकारने ती पुढे ढकलली. समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूमुळे कर्करोग होतो हे सिद्ध करणारा भारतीय अभ्यास नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या राज्यात टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून उभे आहे, तिथल्या लोकप्रतिनिधीने असे म्हणावे याचे दुःख आजही कमी होत नाही. चित्रे आली ती एक वर्ष उशिरा. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, आणि चित्रे टिकली. सप्टेंबर २०१८ पासून चित्राबरोबर १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांकही छापला जाऊ लागला. सोडायचे असेल तर इथे फोन करा, एवढाच निरोप, पण तो ओढणाऱ्याच्या हातातच ठेवलेला.

हा निरोप पोचतो का? २०१६-१७ मध्ये प्रौढांच्या तंबाखूसेवनाचे देशव्यापी सर्वेक्षण झाले. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांनी सांगितले की पाकिटावरचा इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला. बिडी ओढणाऱ्यांत हे प्रमाण ५४ टक्के होते. म्हणजे चित्र काम करते. त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा मात्र फारसा कुणी उद्धृत करत नाही : सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांनी शेवटची खरेदी सुट्टी केली होती. इतक्या वर्षांच्या कोर्टकचेऱ्यांनंतर छापलेले चित्र दहांतल्या जवळपास सात जणांच्या हातात येतच नाही. ते राहते टपरीवाल्याकडे. दिवसभर तो ते पाहतो, आणि कदाचित तो स्वतः ओढतही नसेल.

चित्राइतकाच किमतीचाही प्रश्न आहे. तंबाखू कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय कर हा आहे, असे जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षे सांगते, आणि त्याचा सर्वाधिक परिणाम तरुणांवर आणि कमी मिळकतीच्या लोकांवर होतो. आपल्याकडे सिगारेटवरचा कर तिच्या लांबीनुसार, दर हजार नगांमागे ठरत आला आहे. समजा करवाढ होऊन दहाच्या पाकिटाची किंमत १५ रुपयांनी चढली. पाकीट घेणाऱ्याला ते १५ रुपये एकदम खिशातून काढावे लागतात, आणि तो क्षणभर थबकतो. सुट्टी घेणाऱ्याला दीड रुपया जास्त पडतो, टपरीवाला तो दोन करतो, आणि चहाच्या हिशोबात तो कुणाच्या लक्षातही येत नाही. छापील किंमत पाकिटाची असते, एका सिगारेटची नसते. त्यामुळे वरचा अर्धा रुपया कुणी विचारत नाही, आणि टपरीवाल्याला सुट्टी विकण्यातच अधिक सुटते.

आता पंधरा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. अख्ख्या पाकिटाइतके पैसे त्याच्याकडे नसतात. असले, तरी घरी ते लपवायचे कुठे, हा प्रश्न असतो. एका सिगारेटीला दोन्ही अडचणी नाहीत. शिकवणी सुटल्यावर घ्यायची, तिथेच ओढायची, बडीशेप खाऊन घरी जायचे. तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने फेब्रुवारी २००४ मध्येच शिक्कामोर्तब केले. त्याच्या १६व्या कलमात नेमके हेच लिहिले आहे : सुटी किंवा छोट्या पुड्यांतली सिगारेट अल्पवयीनांच्या आवाक्यात येते, म्हणून सदस्य देशांनी ती विक्री बंद करण्याचा प्रयत्न करावा. अमेरिकेत आणि युरोपीय संघात वीसपेक्षा कमी सिगारेटींचे पाकीटच विकता येत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. दिवसाला दोनच ओढणारा माणूस म्हणतो, मला पाकीट घ्यायला लावाल तर ते खिशात राहील आणि दोनाच्या पाच होतील. काहींच्या बाबतीत तसे होईलही. परंतु कायद्याने कुणाकडे आधी पाहायचे, हे ठरवावे लागते. माझ्या मते ज्याने अजून सुरुवात केलेली नाही त्याच्याकडे. तंबाखूने या देशात वर्षाला तेरा लाखांहून अधिक माणसे दगावतात, आणि त्यांतल्या अनेकांची पहिली सिगारेट, पहिली बिडी किंवा पहिली पुडी कोवळ्या वयातली असते.

मग २०२० चा आदेश टपरीपर्यंत पोचला का नाही? एक कारण कायद्याच्या भाषेत आहे. त्याच सातव्या कलमाचा आधार घेऊन महाराष्ट्राने म्हटले की सुट्या सिगारेटीवर इशारा नसतो, म्हणून तिची विक्री बेकायदा. हे तर्काला धरूनच आहे. पण कलमाचे शब्द आहेत ‘प्रत्येक वेष्टनावर’ इशारा असला पाहिजे, असे. पकडलेला टपरीवाला पाकीट पुढे करून म्हणू शकतो, साहेब, हे बघा वेष्टन, त्यावर चित्र आहे, मी कुठे मोडला कायदा? कलमात ‘सुट्टी विकू नये’ असे सरळ शब्द नाहीत. हिमाचल प्रदेशाने ही पळवाट ओळखली होती. त्या राज्याने २०१६ साली स्वतंत्र कायदाच केला. सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीला बंदी आणि तंबाखूच्या किरकोळ व्यवसायाचे नियमन, अशी दोन्ही कामे त्याच्या नावातच आहेत. कर्नाटकाने २०२५ मध्ये कोटपात आपल्यापुरती दुरुस्ती केली, विक्रीचे किमान वय २१ केले आणि सुट्या विक्रीची बंदी कायद्यात लिहिली. केंद्राने २०२० अखेरीस असाच मसुदा जाहीर केला होता, पण त्याचा कायदा झाला नाही.

कॅनडाने उलट्या बाजूने वाट काढली. तिथे ऑगस्ट २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार इशारा थेट सिगारेटीवरच, टोकाकडच्या कागदावर छापावा लागतो. ‘प्रत्येक झुरक्यात विष’ अशा अर्थाची ती वाक्ये आहेत. सिगारेट एक घ्या की वीस, वाक्य ओठांपाशी येतेच. असे करणारा तो जगातला पहिला देश. मला ही कल्पना आपल्या टपरीसाठी फार मोलाची वाटते, कारण तिला पोलीस लागत नाही. काम कारखान्यात होते, आणि कारखाने मोजके आहेत. बिडीला मात्र हे जमणार नाही. सिन्नर किंवा सोलापूरच्या घराघरांत बायका तेंदूच्या पानावर वळतात त्या बिडीवर काय आणि कुठे छापणार?

महाराष्ट्रापुरते आणखी एक सांगायला हवे. २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणात आपल्या राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि तंबाखू चघळणारे, लावणारे २४.४ टक्के. सुट्या सिगारेटीची बंदी सोळा आणे पाळली गेली, तरी या चोवीस टक्क्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. विदर्भात खर्रा गिऱ्हाइकासमोर घोटून प्लॅस्टिकच्या तुकड्यात बांधून देतात. पश्चिम महाराष्ट्रात मावा तसाच. त्याला कारखाना नाही, पाकीट नाही, छापील किंमत नाही, चित्र नाही. पाकिटावर उभा असलेला कायदा इथे सुरूच होत नाही.

गुटख्याला पुडी तरी होती. महाराष्ट्राने १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी गुटखाबंदी आणली. अन्नभेसळीच्या जुन्या कायद्यातून ती काढलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ती रद्द ठरवली, कारण तो अधिकार तात्पुरत्या संकटापुरता आहे, वर्षानुवर्षांच्या बंदीसाठी नाही. मग २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि त्याखालच्या २०११ च्या नियमांत एक साधे वाक्य आले : कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घटक म्हणून वापरता येणार नाही. त्या एका वाक्यावर २०१२ मध्ये मध्य प्रदेशापासून राज्याराज्यांत बंदी आली. महाराष्ट्रात ती जुलैत आली. अन्नसुरक्षा आयुक्तांचा आदेश एका वर्षापुरताच असतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. उत्पादकांनी काय केले? पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत. दोन्ही शेजारी टांगायच्या, गिऱ्हाइकाने तळहातावर एकत्र करायच्या. सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये या जोडपुड्यांची दखल घ्यावी लागली. शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या मालाच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या तर आपण आठवड्याला वाचतो. तरीही ही बंदी व्यर्थ होती असे मी म्हणणार नाही. भिंतीभिंतीवरच्या गुटख्याच्या जाहिराती गेल्या, शाळेच्या रस्त्यावर पुड्यांच्या माळा उघड लटकायच्या त्या कमी झाल्या. वस्तू डोळ्यांआड होण्यालाही अर्थ असतो.

ई-सिगारेटची गोष्ट याहून वेगळी आहे. बॅटरी, तापणारी छोटी तार, आणि निकोटीन व सुगंध मिसळलेला द्रव. कश घेतला की द्रवाची वाफ होते. यात तंबाखूचे पान नाही, त्यामुळे पानाभोवती विणलेला कोटपा तिला लागू होईना. काही राज्यांनी औषधांच्या कायद्याखाली तिला अडवले. मार्च २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, हे उत्पादन औषध दिसत नाही असे म्हणत, केंद्राच्या तशा निर्देशाला स्थगिती दिली. सहा महिन्यांनी, १८ सप्टेंबर २०१९ रोजी, केंद्राने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात, सगळेच बंद. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड.

कागदावर याहून कडक काही नाही. प्रत्यक्षात शहरांतल्या कॉलेजांच्या आसपास, कधी फोनवरच्या निरोपाने, कधी टपरीच्या फळीखालून, फळांच्या चवीची रंगीत ‘वेप’ मिळते. त्यात निकोटीन किती, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. ब्रिटनमध्ये विक्रीला परवानगी आहे, पण द्रवात एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटीन चालत नाही, आणि जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकायच्या वेपवर बंदी आली. तिथे मर्यादा मोडली तर निदान मोडली हे कळते.

म्हणून आपली बंदी उठवावी का? मला तसे वाटत नाही. जिथे सुट्टी सिगारेट पंधरा वर्षांच्या मुलापासून दूर ठेवता येत नाही, तिथे आंब्याच्या वासाची वेप खुली करून ती फक्त सज्ञान माणसांच्याच हातात जाईल, यावर कुणी विश्वास ठेवावा? पण बंदी केली म्हणजे काम संपले, असेही नाही. भूतानने २००४ मध्ये देशभर तंबाखूविक्री बंद केली, २०१० मध्ये आणखी कठोर कायदा केला. माल सीमेपलीकडून, म्हणजे आपल्याकडून, चोरून जात राहिला, आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या काळात त्यांनी विक्रीबंदी मागे घेतली. वेप आपल्याकडे बहुतांश बाहेरून येते. तिची लढाई बंदरांवर, कुरिअरच्या गोदामांत आणि ऑनलाइन विक्रीच्या खात्यांवर लढावी लागेल. कॉलेजच्या पोराचे दप्तर तपासून ती जिंकता येणार नाही.

पुन्हा टपरीकडे येऊ, कारण सिगारेट, बिडी, खर्रा आणि वेप या सगळ्यांचे शेवटचे हात तिथलेच आहेत. राज्यात तंबाखू नेमका कोण विकतो, याची यादी कुणाकडे नाही. दारू विकायला परवाना लागतो, औषधे विकायला लागतो, फटाके विकायलाही लागतो. तंबाखू विकायला उभे राहण्यापुरती जागा पुरते. परवाना नसल्यामुळे शिक्षा करायची ती दंडाची. अल्पवयीन मुलाला किंवा शाळेजवळ तंबाखू विकल्याचा दंड कोटपानुसार २०० रुपयांपर्यंत आहे, २००३ साली लिहिलेला. आज वीस सिगारेटींचे पाकीटही त्याहून महाग आहे. परवाना असेल तर शाळेपाशी मिळणारच नाही, मुलाला विकले की काही आठवडे रद्द होईल, आणि पुन्हा विकले तर जाईल. दोनशे रुपयांना कुणी भीत नाही, परवाना जाण्याला भितात.

सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून हेच सुचवले होते : नगरपालिकांनी तंबाखूविक्रीला परवाना द्यावा, आणि परवानाधारकाने चॉकलेट, बिस्किटे, वेफर्स असे मुलांना ओढून आणणारे काही विकू नये. पहिला अर्धा भाग मला पूर्ण पटतो. दुसऱ्यात माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे. टपरीवाला पान, सिगारेट, बिस्कीट, शेंगदाण्याची चिक्की या सगळ्यांच्या बेरजेवर जगतो. त्याला एका फटक्यात निवड करायला लावले तर तो निवडणार नाही, लपवील. दोन-तीन वर्षांची मुदत, नाममात्र शुल्क, आणि जो तंबाखू सोडून बाकीचा धंदा करील त्याला जागेच्या परवान्यात प्राधान्य, अशी वाट काढता येईल. टपरीच्या कपाळावर आपल्या मालाच्या रंगाचे फलक लावून देणाऱ्या कंपन्यांवरही जबाबदारी पडली पाहिजे. सगळा भार सर्वांत दुबळ्या विक्रेत्यावर टाकणे न्यायाचे नाही.

यासाठी महाराष्ट्राला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही, हे आपणच एकदा दाखवले आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या उपाहारगृहांना आग लागली, १४ जण गेले. हुक्क्याच्या निखाऱ्यांतून ती भडकल्याचे अग्निशमन दलाच्या चौकशीत पुढे आले. विधिमंडळाने २०१८ मध्ये कोटपाला राज्यापुरती दुरुस्ती केली, चौथ्या कलमापाठी हुक्का पार्लरच्या बंदीचे नवे कलम घातले आणि राष्ट्रपतींची संमती मिळवली. एक ते तीन वर्षे कैद, ५० हजार ते एक लाख रुपये दंड, एवढी स्पष्ट शिक्षा त्यात लिहिली. सुट्या विक्रीसाठी हीच वाट मोकळी आहे : सातव्या कलमात ‘वेष्टनातून काढून नगावर विकू नये’ असे एक वाक्य, सहाव्यात विक्रेत्याचा परवाना, आणि दोनशेच्या जागी आजच्या काळाला शोभेल असा दंड. विधिमंडळाच्या एका अधिवेशनात हे विधेयक मंजूर होऊ शकते.